दक्षिणा, पारितोषिक, पदक : मुंबई इलाख्यातील विद्वत्सन्मानाचा पूर्वेतिहास

पदवीदान समारंभात पदव्या देऊन झाल्या म्हणजे पारितोषिकांची यादी वाचली जाते. अमुक विषयात सर्वप्रथम आल्याबद्दल अमुक ह्यांच्या नावाचे सुवर्णपदक, तमुक परीक्षेत संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविल्याबद्दल तमुक ह्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले पारितोषिक, अशा क्रमाने नावे येतात आणि जातात. विद्यार्थ्याचे नाव त्या दिवसापुरते ऐकू येते, दात्याचे नाव मात्र दर वर्षी ऐकू येते. ह्या विसंगतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि विद्यापीठांच्या इतिहासग्रंथांतही हा विषय बहुधा परिशिष्टात ढकलला जातो.

मुंबई इलाख्यातील विद्यार्थिसन्मानाचा इतिहास विद्यापीठाच्या स्थापनेपासून, म्हणजे १८५७ पासून, सांगण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, त्याचे एक मूळ त्यापूर्वीच्या दक्षिणेच्या पद्धतीत आहे. दक्षिणेचे पारितोषिक झाले आणि पारितोषिकाचे पदक झाले, ह्या प्रवासात देणाऱ्याच्या पुण्याकडून घेणाऱ्याच्या गुणाकडे सन्मानाचे केंद्र सरकले असे आपण मानतो. ते काही अंशी खरेही आहे. तथापि कोणत्या विद्येचा सन्मान करावयाचा आणि कोणाचा करावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक टप्प्यावर देणाऱ्याच्याच हाती राहिला, आणि त्याची झळ पुष्कळ अंशी मराठी भाषेला लागली.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करू. भाषेच्या अभ्यासकाला हा मोह आवरत नाही, परंतु येथे तो केवळ मोह नाही. ‘दक्षिणा’ हा शब्द वैदिक आहे. यज्ञकर्माबद्दल ऋत्विजांना द्यावयाचे दान, विशेषतः गाय, असा त्याचा जुना अर्थ. यास्काने तो ज्या धातूवरून साधला आहे त्याचा अर्थ समृद्ध करणे, उणे असेल ते भरून काढणे असा तो सांगतो. म्हणजे दक्षिणेने पुरे होते ते यजमानाचे कर्म, घेणाऱ्याची योग्यता नव्हे. गुरुदक्षिणेत तर दानाची दिशाच उलटी आहे. विद्या पुरी झाली म्हणजे समावर्तनाच्या वेळी शिष्याने गुरूला द्यावयाचे. वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी कोठून आणावेत ह्या विवंचनेत रघूच्या दारी जातो, ही कालिदासाने सांगितलेली कथा सर्वांच्या परिचयाची आहे. विद्यासमाप्तीच्या दिवशी विद्यार्थ्याने काही घ्यावे ही कल्पना त्या परंपरेत मुख्य नव्हती.

‘पारितोषिक’ म्हणजे परितोषामुळे दिलेले. संतोष होतो तो देणाऱ्याला. संस्कृत नाटकांत शुभवार्ता आणणाऱ्या सेवकाला राजा किंवा राणी गळ्यातील वा हातातील दागिना काढून देते, तेच पारितोषिक. फारसीतून आलेले ‘बक्षीस’ आणि अरबीतून आलेले ‘इनाम’ हे शब्दही देणाऱ्याची मर्जी आणि औदार्य ह्यांचेच वाचक आहेत. ‘शिष्यवृत्ती’तील वृत्ती म्हणजे उपजीविका. ‘पदक’ हा शब्द तेवढा निराळा वाटतो, परंतु तोही मुळात गळ्यातील माळेत छातीवर रुळणारा दागिना होय. गुणवत्ता ह्या अर्थाचा धातू ह्यांपैकी एकाही शब्दाच्या पोटात नाही. ह्या शब्दांना आज तो अर्थ चिकटला आहे तो व्युत्पत्तीने नव्हे, इतिहासाने चिकटला आहे, आणि तो इतिहास पुण्याचा आहे.

श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाडे घराण्यात होती. सेनापती खंडेराव दाभाड्यांकडे तिचा आरंभ नेला जातो. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि सेनापतीच्या घराण्याचा जोर ओसरला, त्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी उचलली व ती पुण्यास आली. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण जमत. सरसकट वाटप आणि विद्वानांची परीक्षा घेऊन करावयाचा विशेष सन्मान, अशी दोन अंगे ह्या समारंभाला होती. वैदिकांचे पठण ऐकले जाई, शास्त्र्यांना शास्त्रांत प्रश्न विचारले जात आणि योग्यतेनुसार रक्कम ठरे. ह्या दुसऱ्या अंगाकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे, कारण पहिल्याचा खर्च आणि गोंधळ डोळ्यांत भरण्याजोगा होता. परंतु परीक्षकांसमोर उभे राहून आपले ज्ञान सिद्ध करावयाचे आणि त्याप्रमाणे कमीअधिक सन्मान मिळवावयाचा, ही रीत नंतरच्या विद्यापीठीय रीतीला अगदी परकी नव्हती, एवढे नमूद करणे अवश्य आहे.

ह्या संदर्भात रामशास्त्री प्रभुणे ह्यांची एक आख्यायिका सांगितली जाते. दक्षिणेच्या वाटपावर शास्त्रीबोवांची देखरेख असता त्यांचे स्वतःचे बंधू दक्षिणा घेण्यास आले. शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी त्यांना वीस रुपये द्यावेत असे सुचविले. रामशास्त्र्यांनी ते मानले नाही. विशेष विद्वत्ता नसलेल्या इतर ब्राह्मणांप्रमाणे बंधूंनाही दोनच रुपये मिळतील, भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते मी माझ्या घरून देईन, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. परंतु असली कथा लोकांनी जपून ठेवली ह्याचा अर्थ असा की, सरकारी दक्षिणा ही मर्जीची बाब नसून योग्यतेची बाब असली पाहिजे, ही अपेक्षा समाजात होती, आणि ती वारंवार पुरी होत नसली पाहिजे. रोजच पाळल्या जाणाऱ्या नियमाची कोणी आख्यायिका करीत नाही.

ह्या योग्यतेच्या वर्तुळाबाहेर कोण होते हेही येथेच सांगितले पाहिजे. दक्षिणा ब्राह्मणांनाच होती. ब्राह्मणेतराला परीक्षेस उभे राहण्याचीच सोय नव्हती, मग योग्यतेचा प्रश्न दूरच राहिला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुण्यातील प्रतिष्ठित वर्ग दुखावला जाऊ नये, हा हेतू त्यात उघड होता. त्याने रकमेला वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा घातली, सरसकट वाटप थांबविले आणि परीक्षा होऊन मिळणारी दक्षिणा चालू ठेवली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली तिलाही ह्याच निधीचा आधार होता. पुढे नवे दक्षिणाधारक घेण्याचे बंद झाले, जुने होते त्यांची दक्षिणा त्यांच्या हयातीपुरती चालली, आणि जसजसे एकेक धारक निवर्तले तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली. शिलकेचा पैसा आला की त्याच्यावर हक्क सांगणारेही येतात.

१८४९ मध्ये पुण्यातील सुधारणावादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख त्यांच्या अग्रभागी होते. दक्षिणेतील शिल्लक रकमेतून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत, असे त्यांचे मागणे होते. शहरातील सनातनी वर्ग ह्यावर इतका खवळला की अर्जदारांना स्वतःच्या सुरक्षिततेची चिंता पडली. जोतीराव फुले व त्यांचे सहकारी ह्या प्रसंगी अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. सरकारने मागणी तत्त्वतः मान्य केली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली.

ह्या घटनेचे महत्त्व केवळ रकमेच्या विनियोगापुरते नाही. दक्षिणेच्या दीर्घ इतिहासात प्रथमच सन्मानाचा विषय पाठ केलेली विद्या हा न राहता नव्याने लिहिलेला ग्रंथ हा झाला, आणि त्या ग्रंथाची भाषा संस्कृत नव्हे तर मराठी झाली. यजमानाचे कर्म पुरे करणारी दक्षिणा आता लोकभाषेतील वाङ्मयाची उणीव भरून काढण्यासाठी खर्च होऊ लागली. यास्काला हा अर्थ मान्य झाला असता असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु ह्याच कमिटीने चारच वर्षांनी दाखवून दिले की, निधीचा हेतू बदलला म्हणून निवड करणाऱ्यांची दृष्टी बदलतेच असे नाही. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे पाठविले. अडाणी शेतकरी कुटुंबाला धर्माच्या नावाखाली जोशी कसा लुबाडतो आणि विद्या हाच त्यावर उपाय कसा, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी जोतीरावांची स्वतःची तक्रार असून ती त्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदविली आहे. ज्या अर्जदारांना त्यांनी १८४९ मध्ये पाठबळ दिले त्यांच्याच मागणीतून निघालेल्या कमिटीने त्यांना परत पाठविले. हे नाटक सर्वसाधारण मराठी वाचकाच्या हाती पडावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. नाकारलेल्या पारितोषिकांचा इतिहास कोणी लिहिलाच तर त्याचे पहिले प्रकरण येथून सुरू करावे लागेल. अशा इतिहासाची साधने मात्र फार विरळ असतात, कारण कार्यालये मिळालेल्यांची यादी ठेवतात, न मिळालेल्यांची ठेवीत नाहीत.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने स्थापन झाले. पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ह्याच सुमारास दक्षिणेच्या निधीला आणखी एक वळण मिळाले. त्यातून महाविद्यालयांतील हुशार विद्यार्थ्यांना वेतन देण्याची योजना निघाली. हेच ‘दक्षिणा फेलो’ होत. रानडे व भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते, आणि पुढे गोपाळ गणेश आगरकरांनाही डेक्कन कॉलेजात ह्याच मार्गाने आधार मिळाला. वरच्या परीक्षेचा अभ्यास करीत असता खालच्या वर्गांस शिकवावयाचे, असे फेलोच्या कामाचे स्वरूप होते. ‘दक्षिणा फेलो’ हा समास पाहण्यासारखा आहे. एक पद वेदातील, दुसरे इंग्रजी विद्यापीठांतील, आणि दोहोंच्या मधोमध पेशव्यांचा पैसा. सामाजिक स्थित्यंतराची इतकी नेटकी नोंद एखाद्या सरकारी अहवालात सापडणे कठीण.

ह्या फेलोंना मिळणारा सन्मान हा गुणांवर आधारलेला होता ह्यात संशय नाही. तरीही त्याची दोरी कोणाच्या हातात होती, हे रानड्यांच्या एका अनुभवावरून कळते. एल्फिन्स्टन कॉलेजात असता त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराशी इंग्रजी राज्याची तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरविले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांना ते रुचले नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद राहिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गंमत अशी की, रानडे पुढेही ग्रँट ह्यांच्याविषयी आदरानेच बोलत. निबंधातील मताचे बरेवाईट काहीही असो, दक्षिणेची मर्जी सोडून गुणवत्तेकडे निघालेली व्यवस्था ह्या प्रसंगी पुन्हा मर्जीवर येऊन ठेपली. आणि ज्या राज्याची स्तुती केल्याबद्दल शिष्यवृत्ती थांबली, त्याच राज्याच्या दक्षिणेवर त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांचे शिक्षण चालले होते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली की नाही कोण जाणे.

ह्याच काळात मराठीच्या दृष्टीने अत्यंत दूरगामी असा एक निर्णय झाला. विद्यापीठाच्या आरंभीच्या व्यवस्थेत उच्च परीक्षांना देशी भाषा घेण्याची मुभा होती. १८६०च्या दशकात ती काढून घेण्यात आली आणि पदवीच्या अभ्यासक्रमात संस्कृत, लॅटिन, फारसी ह्यांसारख्या अभिजात भाषांना स्थान मिळाले. ग्रँट हे स्वतः ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे नामांकित संपादक होते, तेव्हा अशा विद्वानांच्या प्रभावाखालील विद्यापीठाचा कल अभिजात भाषांकडे असावा ह्यात नवल नाही. देशी भाषांत अभ्यासण्याजोगे वाङ्मय नाही, असे कारण देण्यात येई. मराठी प्रवेशपरीक्षेपाशी थांबली. म्हणजे १८५१ मध्ये ज्या भाषेतील ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी दक्षिणेचे रूप पालटले, ती भाषा पंधरावीस वर्षांच्या आतच विद्यापीठीय सन्मानांच्या कक्षेबाहेर गेली. जिचा अभ्यासच नाही तिच्यात प्रथम कोण येणार?

नेमका ह्याच वेळी खाजगी देणग्यांचा ओघ विद्यापीठाकडे सुरू झाला, आणि तो स्वाभाविकपणे संस्कृतकडे वळला. १८६५ मध्ये नाना शंकरशेट निवर्तले. त्यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती प्रवेशपरीक्षेत त्या विषयात श्रेष्ठ ठरणाऱ्यांसाठी होती. पदवीपूर्वीची असूनही तिचा लौकिक कित्येक पदवीपदकांहून अधिक झाला. चिंतामणराव देशमुखांसारख्या पुढे अर्थमंत्री झालेल्या पुरुषाच्या चरित्रातही १९१२ मध्ये त्यांनी ती मिळविल्याचा उल्लेख आवर्जून येतो. डॉ. भाऊ दाजी ह्यांच्या नावाचे पारितोषिकही संस्कृतसाठीच. ह्या दात्यांना मराठीविषयी अनास्था होती असे कोणी समजू नये. नाना शंकरशेटांनी तर देशी भाषांतून शिक्षण देण्याची बाजू सरकारी शिक्षणमंडळात हिरिरीने मांडली होती. म्हणूनच त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेली शिष्यवृत्ती संस्कृतला मिळावी ह्यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. देणगी परीक्षेच्या चौकटीतच बसवावी लागते, आणि चौकटीत मराठीला जागा नव्हती.

परिणाम काय झाला? दोन पिढ्यांतील उत्तम मराठी विद्यार्थी संस्कृतकडे वळले. ह्यातून फार मोठी विद्वत्ता निर्माण झाली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पांडुरंग वामन काणे ह्यांचे उदाहरण घ्यावे. पदवीपरीक्षेत त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले आणि पुढे विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांच्या नावाचे सुवर्णपदक त्यांनी निबंधांसाठी दोन वेळा मिळविले. त्यांपैकी एक निबंध अलंकारशास्त्राच्या इतिहासावर होता. संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासावरील त्यांच्या सर्वमान्य ग्रंथाचे बीज ह्या तरुणपणीच्या परिश्रमात शोधता येते. माझ्या मते मंडलिक पदकासारखी निबंधाची पारितोषिके ही गुणांच्या बेरजेवर मिळणाऱ्या पदकांहून वेगळ्या जातीची आहेत. ती १८५१ च्या दक्षिणा बक्षिसांच्या कुळातील होत, कारण त्यांत विद्यार्थ्याला काही नवे लिहावे लागते. बेरजेचे पदक झालेल्या अभ्यासाची पावती देते, निबंधाचे पदक पुढील अभ्यासाचा आरंभ करून देते. पुढे पदकांची संख्या वाढली ती मुख्यतः पहिल्या जातीची, आणि ह्याचा दोष दात्यांना देण्यात अर्थ नाही. बेरीज करणे सोपे असते.

मराठीपुरते पाहिल्यास ह्या काळातील एक गोष्ट विशेष नोंदविण्यासारखी आहे. रेव्हरंड डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या नावाने विद्यापीठात भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमाला ठेवण्यात आली होती. तिची पहिली व्याख्याने १८७७ मध्ये भांडारकरांनी दिली. विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. त्यांत प्राकृत व अपभ्रंश ह्यांच्यानंतर मराठीची ध्वनिव्यवस्था आणि रूपे ह्यांचे शास्त्रशुद्ध विवेचन आले. व्याख्याने इंग्रजीत होती, आणि ज्या विद्यापीठात मराठीची परीक्षा पदवीला नव्हती त्याच विद्यापीठात मराठी ही संशोधनाचा विषय म्हणून अशा रीतीने मागच्या दाराने आत आली. एका दक्षिणा फेलोने ते दार उघडले होते.

सन्मानाच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांत केवळ भाषा नव्हत्या. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पदवीपरीक्षेस बसल्या आणि १८८७ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. आपल्या कॉलेजात त्या प्रथम आल्या होत्या. त्या स्थानाबरोबर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, ती स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारण्यात आली. त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या त्या हितचिंतकांनी जमविलेल्या वर्गणीवर. तेथे १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदव्या देऊ लागले १९२० पासून, आणि सोराबजींच्या हाती प्रत्यक्ष पदवी पडली १९२२ मध्ये. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि पदवी मिळणे ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे तीस वर्षांच्या ह्या अंतराने जेवढे स्पष्ट होते तेवढे एखाद्या व्याख्येने होणार नाही. ‘पदवी’ ह्या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ वाट असा आहे, आणि ह्या वाटेवर फाटक होते.

मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून ज्यांनी दीर्घकाळ खटपट केली त्यांत रानडे अग्रेसर होते. वाङ्मयच नाही, ह्या जुन्या आक्षेपाला भावनेने उत्तर देण्याऐवजी त्यांनी छापील पुस्तकांच्या याद्या तपासल्या, मराठीत कोणत्या विषयांवर किती ग्रंथ निघाले ह्याची मोजदाद केली आणि १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर आपली टिपणी सिद्ध केली. मोजदादीच्या भाषेतच बोलणाऱ्या संस्थेला तिच्याच भाषेत दिलेले ते उत्तर होते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले, आणि त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा अंतर्भाव करण्यास विद्यापीठाने मान्यता दिली. बी.ए.च्या वर्गांत तिला जागा मिळावयास आणखी काही वर्षे जावी लागली, आणि मराठीच्या नावाची पदके त्याहून मागाहून आली.